निजलेले मूल, जागा मज्जारज्जू

मुलाच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया करावयाचे ठरले, की आईबाप पहिली चौकशी करतात ती सर्जनची. त्याचा हात कसा आहे, अशा किती शस्त्रक्रिया त्याने केल्या आहेत, खर्च किती येईल, रक्ताच्या किती बाटल्या लागतील, हे सारे विचारले जाते. भूल देणारा डॉक्टर कोण आणि तो कोणत्या प्रकारची भूल देणार, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. भूल म्हणजे झोप, आणि झोपेत निवड ती कसली करावयाची, अशी सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळशा शस्त्रक्रियांच्या बाबतीत ही समजूत फारशी बाधत नाही. रुग्णाला वेदना कळू नयेत, तो हलू नये आणि काम आटोपल्यावर सुखरूप जागा व्हावा, एवढे साधले की भागते. कण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र एवढ्याने भागत नाही. तेथे मूल गाढ निजले पाहिजे आणि त्याच वेळी त्याचा मज्जारज्जू जागा राहिला पाहिजे. या दोन परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालणे हे भूलतज्ज्ञाचे काम आहे. आणि शुद्धीवर आलेले मूल आपल्या पायांवर उभे राहील की नाही, हे काही अंशी त्याने केलेल्या निवडीवर अवलंबून असते.

कणा सरळ करण्याची जोखीम

कणा एका बाजूला वाकत आणि पिळवटत जाणे या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. बहुसंख्य मुलांत तो दहाव्या वर्षानंतर, ऐन वाढीच्या काळात दिसू लागतो आणि त्याचे निश्चित कारण सापडत नाही. बाक मोठा असण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत बरेच अधिक असते. काही मुलांत मणक्यांची घडणच जन्मतः सदोष असते, तर काहींत स्नायूंच्या वा मेंदूच्या विकारापायी कणा वाकतो. आपल्या देशात यांच्या जोडीला कण्याचा क्षय आहेच. त्याने मणके पोखरले जाऊन मुलाला कुबड येते आणि तेही कधी कधी शस्त्रक्रियेनेच सावरावे लागते. स्कोलिओसिसमध्ये क्ष-किरण चित्रावर मोजलेला बाकाचा कोन साधारणतः 45 ते 50 अंशांच्या पलीकडे गेला, म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. कारण एवढा बाक वाढ थांबल्यावरही वाढत राहण्याचा संभव असतो, आणि तो फारच वाढला तर फुफ्फुसांना पसरावयास जागा उरत नाही.

या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप दिले ते अमेरिकेतील ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन या सर्जनने. पोलिओने कणा वाकलेल्या मुलांवर उपचार करता करता त्याने कण्याला आतून आधार देणारी पोलादी दांडी सिद्ध केली आणि 1962 साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. आज मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना दोन बाजूंनी दांड्या जोडण्याची पद्धत रूढ आहे. साधने बदलली, तरी मूळ जोखीम बदललेली नाही. वर्षानुवर्षे वाकड्या राहिलेल्या कण्यातील मज्जारज्जूही त्या वाकडेपणाला सरावलेला असतो. कणा सरळ होताना तो ताणला जातो, त्याला रक्त पुरविणाऱ्या बारीक धमन्या आवळल्या जातात, क्वचित एखादा स्क्रू नको तेथे शिरतो. स्कोलिओसिसच्या उपचारात मज्जारज्जूला तत्काळ होणाऱ्या इजांची मोठी पाहणी 1975 साली प्रसिद्ध झाली. तीत हे प्रमाण हजारी सुमारे सात आढळले. आकडा लहान दिसतो. परंतु जे मूल शस्त्रक्रियेच्या खोलीत चालत गेले आणि चाकांच्या खुर्चीतून घरी परतले, त्याच्या घरच्यांच्या लेखी हा आकडा हजारी सात नसतो.

‘पाय हलव’

इजा झाली असेल तर ती शस्त्रक्रिया चालू असतानाच कळली पाहिजे, हे सर्जनांच्या फार पूर्वीच ध्यानी आले होते. कारण ताण वेळीच सैल केला तर मज्जारज्जू पुष्कळदा सावरतो. पण निजलेल्या मुलाला विचारावे कसे? फ्रान्समधील लिआँ येथील स्टॅन्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली यावर सरळ उपाय सुचविला. मुलाला जागेच करावयाचे! दांडी बसवून झाली, की भूल हलकी करावयाची, पालथ्या निजलेल्या मुलाला हाक मारून आधी हाताची मूठ मिटावयास आणि मग पाय हलवावयास सांगावयाचे. पाय हलले, की पुन्हा भूल गाढ करून पाठ शिवावयाची.

ही चाचणी आजही बाद झालेली नाही. तिला यंत्र लागत नाही. परंतु तिच्या मर्यादा उघड आहेत. ती एका क्षणाचे उत्तर देते. त्या क्षणाच्या आधी आणि नंतर काय घडले, ते सांगत नाही. उघड्या पाठीचे मूल जागे होताना जोराने हलले, तर श्वासनलिकेतील नळी निघण्याचा धोका असतो. अगदी लहान मूल, ऐकू न येणारे मूल किंवा सूचना समजण्याइतकी बुद्धीची वाढ न झालेले मूल यांच्या बाबतीत तर ती जवळजवळ निरुपयोगीच ठरते. आणि अशा मुलांत कण्याचे विकार काही कमी नसतात.

म्हणून 1970 च्या दशकात जपान आणि अमेरिका येथील संशोधकांनी दुसरी वाट धरली. मुलाच्या घोट्याजवळील मज्जातंतूला विजेचा सौम्य धक्का द्यावयाचा आणि तो निरोप मज्जारज्जूतून चढत मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही, हे डोक्यावर लावलेल्या तारांनी टिपावयाचे. हा निरोप एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजण्याइतका क्षीण असतो. शेकडो धक्क्यांची सरासरी काढावी, तेव्हा कोठे तो गोंगाटातून वेगळा होतो. अशा देखरेखीचा उपयोग किती, याची 51,263 शस्त्रक्रियांचा आढावा घेणारी पाहणी 1995 साली प्रसिद्ध झाली. अनुभवी चमूंच्या हाती ही देखरेख असेल, तर मज्जारज्जूच्या इजा निम्म्याहून कमी होतात, असा तिचा निष्कर्ष होता. त्यातील ‘अनुभवी’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

तथापि या पद्धतीतही एक उणीव होती. वर चढणारा निरोप मज्जारज्जूच्या पाठीमागच्या भागातून जातो. हालचालीचे हुकूम मुख्यतः बाजूच्या आणि पुढच्या भागांतून खाली उतरतात, आणि त्यांचा रक्तपुरवठाही बहुतांशी वेगळ्या धमनीतून होतो. म्हणजे चढणारा निरोप बिनचूक पोहोचत असताना पाय लुळे पडू शकतात. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या काही रुग्णांच्या हकिकतींनी हे दाखवून दिले. तेव्हा खाली उतरणाऱ्या वाटेचीही परीक्षा घेणे आवश्यक झाले. डोक्याच्या कवटीवरून मेंदूला विजेचा धक्का देऊन हातापायांचे स्नायू हलविता येतात, हे ब्रिटनमधील मर्टन आणि मॉर्टन यांनी 1980 साली जाग्या माणसावर सिद्ध केले होते. भूल दिलेल्या रुग्णात मात्र एकेकटा धक्का फुकट जाई. एकापाठोपाठ एक चार-पाच धक्क्यांची माळ दिली तर निरोप पोहोचतो, हे 1993 साली दिसून आले, आणि तेथून ही पद्धत खऱ्या अर्थाने शस्त्रक्रियेच्या खोलीत आली. आज दोन्ही वाटांवर एकाच वेळी पहारा ठेवला जातो.

पहारेकऱ्यालाच गुंगी

येथेच भुलीचा प्रश्न उभा राहतो. मज्जातंतूंच्या तारेतून वाहणाऱ्या निरोपावर भुलीचा फारसा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो एका पेशीकडून दुसरीकडे निरोप सोपविला जातो त्या सांध्यांवर. जितके सांधे अधिक, तितकी भुलीची बाधा अधिक. मेंदूच्या पृष्ठभागावर टिपला जाणारा निरोप असे सांधे ओलांडूनच तेथवर येतो, आणि हालचालीच्या हुकमालाही मेंदूत व मज्जारज्जूत असे सांधे ओलांडावे लागतात. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन ही हुंगवून दिली जाणारी औषधे नेमका येथेच घाला घालतात. मात्रा वाढवावी तसा निरोप बारीक होत जातो आणि अखेरीस नाहीसा होतो. नायट्रस ऑक्साइडही तेच करतो, आणि या औषधांच्या जोडीला दिला तर भर घालतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांची गोष्ट तर उघडच आहे. ज्या स्नायूंनी हलून साक्ष द्यावयाची, त्यांनाच लुळे केल्यावर साक्ष कोण देणार?

प्रोपोफॉल या शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाचा परिणाम याच जातीचा, पण सोसवेल इतका सौम्य असतो. फेंटानिल, रेमिफेंटानिल ही अफूवर्गातील वेदनाशामके निरोपाला जवळजवळ धक्का लावीत नाहीत. केटामिन तर तो उलट थोडा वाढवितेच. म्हणून अशा शस्त्रक्रियांसाठी गॅस बाजूला ठेवून प्रोपोफॉल आणि एखादे अफूवर्गीय औषध सुईवाटे सतत देत राहणे, नळी घालण्यापुरतेच स्नायू शिथिल करणारे अल्पजीवी औषध वापरून त्याचा अंमल उतरू देणे, हा मार्ग आज पुष्कळ ठिकाणी प्रथम पसंतीचा मानला जातो.

अर्थात गॅसचा अल्प मात्रेत वापर करून देखरेख यशस्वी करणारे अनुभवी तज्ज्ञही आहेत, आणि निरोगी, थोराड मुलाच्या बाबतीत ते साधतेही. हा वाद तत्त्वाचा नसून मर्यादेचा आहे. मूल जितके लहान, त्याचे मज्जातंतू जितके आधीपासून दुबळे, तितकी ही सवलत कमी. शिवाय कोणतेही औषध असो, ते एकाच पातळीवर स्थिर ठेवणे हे निवडीइतकेच महत्त्वाचे. कणा वळविण्याच्या ऐन घटकेला भूल अचानक गाढ केली आणि त्याच क्षणी पडद्यावरची रेघ खाली आली, तर दोष दांडीचा की औषधाचा, हे कोणी सांगावे? मग सर्जन बसविलेली दांडी काढतो आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखे होते. उलट, ‘भुलीमुळेच असेल’ म्हणून दुर्लक्ष केले आणि लांडगा खरोखरच आला असला, तर मूल कायमचे अधू होते.

मूल म्हणजे लहान मोठा माणूस नव्हे

मुलांच्या बाबतीत ही सारी गणिते अधिक अवघड होतात. मेंदूपासून पायापर्यंत उतरणाऱ्या तंतूंवरील वेष्टण जन्मतः पूर्ण झालेले नसते. ते वर्षानुवर्षे पक्के होत जाते. म्हणून लहान मुलात हालचालीचा निरोप जागा करावयास विजेचा जोर अधिक लावावा लागतो, आणि गॅसची बाधाही तेथे लवकर होते. गंमत अशी, की याच मुलांना सुईची भीती सर्वांत जास्त. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाला शांतपणे निजविण्याचा सोपा उपाय म्हणजे मुखवट्यातून सेव्होफ्लुरेन हुंगविणे. आणि नेमके तेच औषध पुढे देखरेखीच्या आड येते! यातून व्यवहारी तोड निघते ती अशी : मूल गॅसवर निजवावे, शीर सापडताच गॅस बंद करून शिरेतील औषधांवर यावे आणि देखरेखीच्या पहिल्या नोंदी घेण्यापूर्वी तो पुरता ओसरू द्यावा. किंवा तासभर आधी हाताला बधिरता आणणारे मलम लावून ठेवावे, म्हणजे सुई टोचलेली फारशी कळत नाही.

मूळ विकार कोणता, यावरही निवड ठरते. ड्युशेनसारख्या स्नायूंच्या आनुवंशिक विकारात कणा वाकतो आणि मुलगा शस्त्रक्रियेसाठी येतो. अशा मुलाला सक्सिनिलकोलिन हे स्नायू शिथिल करणारे औषध दिले तर रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढून हृदय बंद पडू शकते. हुंगविण्याच्या औषधांनीही त्याचे स्नायू विरघळण्याचा धोका असतो. तेथे शिरेतून दिलेली भूल केवळ देखरेखीसाठी नव्हे, तर जीव राखण्यासाठी हवी. उलट, पेशींच्या ऊर्जानिर्मितीतच दोष असलेल्या काही दुर्मीळ विकारांत प्रोपोफॉल दीर्घकाळ देण्याबाबत सावध राहावे लागते.

प्रोपोफॉल हे काही अमृत नव्हे. 1992 साली ब्रिटनमधील अतिदक्षता विभागांत ते दीर्घकाळ दिल्या गेलेल्या पाच बालकांच्या मृत्यूची हकिकत प्रसिद्ध झाली. रक्तात आम्ल साचून त्यांची हृदये निकामी झाली होती. ते प्रसंग अनेक तास वा दिवस चाललेल्या मोठ्या मात्रेचे होते, शस्त्रक्रियेचे नव्हते. तरी त्यांनी शिकविलेली सावधगिरी विसरण्यासारखी नाही. दुसरे असे, की गॅसचे प्रमाण मुलाच्या उच्छ्वासातून क्षणोक्षणी मोजता येते; शिरेतील औषधाचे तसे मोजता येत नाही. नळी निसटली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर मूल जागे होण्याचा संभव असतो. म्हणून कपाळावर तारा लावून मेंदूच्या लहरींवर नजर ठेवणे इष्ट ठरते. तिसरे असे, की रेमिफेंटानिलचा अंमल काही मिनिटांत उतरतो आणि मग वेदना एकदम अंगावर येते. पुढील वेदनेची तजवीज काम संपण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. दातांमध्ये मऊ घडी ठेवावयास विसरले, तर मेंदूला दिलेल्या धक्क्याने जबडा आवळून जीभ चावली जाते. गोष्ट साधी, पण विसरली तर मुलाला भोवणारी.

रेघ खाली आली तर

यंत्र आणले म्हणजे सुरक्षितता आली, असे समजणे ही आपल्याकडील जुनी खोड आहे. यंत्र फक्त हाक देते. धावून जावयाचे ते माणसांनी. पडद्यावरचा निरोप क्षीण झाला, की भूलतज्ज्ञाने प्रथम रक्तदाब पाहावयाचा. पूर्वी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून या शस्त्रक्रियेत रक्तदाब मुद्दाम उतरवीत; परंतु ताणलेल्या मज्जारज्जूला त्या वेळी रक्त अधिक हवे असते. तो दाब वाढवावयाचा, रक्त कमी झाले असेल तर भरून काढावयाचे, अंग गार पडले असेल तर ऊब द्यावयाची, औषधांची मात्रा बदलली आहे काय ते तपासावयाचे. त्याच वेळी तंत्रज्ञाने तारा सुटल्या नाहीत याची खात्री करावयाची, आणि सर्जनने शेवटचे जे केले ते उलटवून पाहावयाचे. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर मुलाला जागे करण्याची जुनी चाचणी हाताशी आहेच. हा क्रम 2014 साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी एका तपासणी-यादीच्या रूपाने मांडला. अशी यादी भिंतीवर लावावयास पैसे लागत नाहीत. ऐन प्रसंगी कोणी कोणावर दोष न ढकलता ती पाळावयास मात्र चमूची सवय लागते.

खर्चाचा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. देखरेखीचे यंत्र, एकदा वापरून टाकावयाच्या सुया, ते वाचणारा प्रशिक्षित माणूस, औषधाचा थेंब न् थेंब मोजणारे पंप हे सारे सार्वजनिक रुग्णालयांच्या तुटपुंज्या तरतुदीत बसविणे अवघड आहे. परंतु त्याच तागडीच्या दुसऱ्या पारड्यात आयुष्यभर बिछान्याला खिळलेले एक मूल आणि त्याच्या शुश्रूषेत खर्ची पडणारे एक कुटुंब ठेवावयास हवे. ज्या रुग्णालयाला ही सोय परवडत नसेल, त्याने अवघड शस्त्रक्रिया ती असलेल्या ठिकाणी पाठविणे, यात कमीपणा नाही. आणि भूलतज्ज्ञाला आदल्या संध्याकाळी नुसते ‘उद्या सकाळी या’ असे कळविण्याऐवजी, शस्त्रक्रिया ठरताच त्याला त्या विचारात घेणे, याला तर काहीच खर्च येत नाही.

पालकांनीही संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तीन-चार साधे प्रश्न विचारावेत. मज्जारज्जूवर देखरेख ठेवणार काय, आणि वर जाणाऱ्या व खाली येणाऱ्या अशा दोन्ही वाटांवर काय? त्याला अनुरूप अशी भूल कोणती देणार? निरोप नाहीसा झाला तर काय करण्याचे ठरले आहे? शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेची व्यवस्था काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. त्याने ते स्वतःला आधीच विचारलेले असतात.

शिक्षकांचाही या प्रकरणाशी संबंध पोहोचतो. बाक जितका मोठा आणि ताठर, तितका तो सरळ करताना मज्जारज्जूला धोका अधिक. कवायतीच्या तासाला मुलांना गुडघे न वाकविता पुढे वाकावयास सांगितले, तर पाठीची एक बाजू उंच झालेली मागून पाहणाऱ्याला चटकन दिसते. विल्यम ॲडम्स या इंग्रज सर्जनने एकोणिसाव्या शतकात सांगितलेली ही परीक्षा आजही तितकीच कामाची आहे. एक खांदा वर, एक खाली अशी दिसणारी मुलगी ‘पोक काढून बसते’ म्हणून दटावली जाते. तिला त्याऐवजी डॉक्टरकडे पाठविले, तर कदाचित पट्ट्यावरच भागेल, आणि शस्त्रक्रिया करावी लागलीच तरी ती सोपी होईल. पुढे त्या खोलीत, कणा सरळ झाल्यावर, तिच्या पायाचा अंगठा विजेच्या हुकमासरशी हलतो की नाही याकडे काही माणसे श्वास रोखून पाहत असतील. ती स्वतः गाढ झोपेत असेल. तो हलला, हे तिला कधी कळणारही नाही.